'पुणेरी पलटण' : एका व्यावसायिक कबड्डी संघाचा हंगामनिहाय इतिहास

प्रस्तावना :
कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला खेळ आहे. हुतुतू या नावाने तो गावोगाव खेळला गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक परदेशात नेले. १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. पुढे २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीवरचा हा खेळ मॅट, लिलाव आणि दूरचित्रवाणी यांच्या व्यवस्थेत आला. बीड जिल्ह्यातील नारायणगड परिसरासारख्या ग्रामीण भागात वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गावच्या मैदानावरून व्यावसायिक संघापर्यंत जाणारी वाट खरोखर तयार झाली आहे का, याचे उत्तर स्पर्धेच्या झगमगाटात सापडत नाही. ते एखाद्या संघाच्या वर्षानुवर्षांच्या वाटचालीत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'पुणेरी पलटण' या संघाच्या १२ हंगामांचा आढावा घेतला आहे.

व्यावसायिक संघाची घडण :
इन्शुरकोट स्पोर्ट्स या कंपनीच्या मालकीचा हा संघ लीगच्या मूळच्या ८ संघांपैकी एक होय. बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे त्याचे घरचे मैदान राहिले आहे. लीगमध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी खर्चाची समान मर्यादा असते. त्यामुळे एकाच संघाला सर्व नामांकित खेळाडू विकत घेता येत नाहीत. एका खेळाडूवर मोठी रक्कम खर्च केली की उरलेला संघ स्वस्तात उभा करावा लागतो. लिलावाबाहेर काही नवोदित खेळाडू ठरावीक मानधनावर निवडण्याची मुभाही संघांना आहे.

जागतिक पातळीवर अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय लीग याच प्रश्नाला वेगळ्या पद्धतीने सामोरी गेली. तेथे १९३६ पासून नवोदित खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघाला पहिली संधी देण्याची पद्धत आहे आणि १९९४ पासून वेतनखर्चावर मर्यादाही आहे. दोन्ही व्यवस्थांचा हेतू एकच : पैशाच्या बळावर एकाच संघाची कायमची मक्तेदारी होऊ नये. अशा व्यवस्थेत संघाची खरी कसोटी खरेदीत लागत नाही, ती खेळाडू ओळखण्यात व घडविण्यात लागते. पुणेरी पलटणचा इतिहास या विधानाचे उत्तम उदाहरण ठरतो.

हंगामनिहाय कामगिरी :
१) २०१४ – गुणतक्त्यात आठवे (शेवटचे) स्थान
२) २०१५ – आठवे (शेवटचे) स्थान
३) २०१६ (जानेवारी-मार्च) – तिसरा क्रमांक
४) २०१६ (जून-जुलै) – तिसरा क्रमांक
५) २०१७ – 'अ' गटात दुसरे स्थान; बाद फेरीत पराभव
६) २०१८-१९ – 'अ' गटात चौथे स्थान, बाद फेरी हुकली
७) २०१९ – दहावे स्थान
८) २०२१-२२ – बाद फेरीत पराभव
९) २०२२ – उपविजेतेपद
१०) २०२३-२४ – विजेतेपद
११) २०२४ – आठवे स्थान
१२) २०२५ – उपविजेतेपद

पहिला टप्पा : तळापासून तिसऱ्या क्रमांकापर्यंत (२०१४ ते २०१७)
वझीर सिंग याच्या नेतृत्वाखाली पहिल्या हंगामात उतरलेला संघ तळाला राहिला व दुसऱ्या हंगामातही तेथून हलला नाही. याच २ हंगामांत शेजारच्या यू मुंबा संघाने अनुक्रमे उपविजेतेपद आणि विजेतेपद मिळविले, त्यामुळे पुण्याचे अपयश अधिकच ठळक झाले.

तिसऱ्या हंगामात अष्टपैलू खेळाडू मनजीत छिल्लर याच्याकडे कर्णधारपद आले. दीपक हुडा हाही संघात होता. उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सने पुण्याला नमविले, परंतु बंगाल वॉरियर्सविरुद्ध ३१–२७ असा विजय मिळवून संघाने तिसरा क्रमांक पटकाविला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा पाटण्याने उपांत्य फेरीत ३७–३३ असे रोखले आणि तेलुगू टायटन्सवर मात करून संघ पुन्हा तिसरा आला. २०१७ मध्ये १२ संघांच्या विस्तारित स्पर्धेत हुडाच्या संघाने युपी योद्धाला ४०–३८ असे हरविले. पुढच्याच सामन्यात मात्र पाटण्याने ४२–३२ अशी मात केली. अनुभवी खेळाडूंच्या बळावर संघ तळातून वर आला, पण सलग ३ हंगाम पाटण्याची भिंत त्याला ओलांडता आली नाही.

दुसरा टप्पा : महागडी खरेदी आणि घसरण (२०१८ ते २०१९)
सहाव्या हंगामाच्या लिलावात संघाने चढाईपटू नितीन तोमर याच्यावर १ कोटी १५ लाख रुपये खर्च केले. महाराष्ट्राचा कोपरारक्षक गिरीश इरनाक याने संघाचे नेतृत्व केले. तोमर दुखापतीने ग्रासला आणि गटातून ३ संघ पुढे जाणार असताना पलटण चौथ्या स्थानी राहिली. एका खेळाडूवर विसंबलेला संघ त्याच्या दुखापतीबरोबर कसा खचतो, हे या हंगामाने दाखविले. सातव्या हंगामात भारताचा माजी कर्णधार अनुप कुमार प्रशिक्षक म्हणून आला. निकाल तत्काळ बदलला नाही. संघ दहावा आला. तथापि पंकज मोहिते हा महाराष्ट्राचा तरुण चढाईपटू याच हंगामात पुढे आला आणि संघाच्या धोरणाची दिशा बदलू लागली.

तिसरा टप्पा : तरुणांवरील विश्वास (२०२१ ते २०२४)
कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये स्पर्धा झाली नाही. आठवा हंगाम संपूर्णपणे बंगळुरू येथे, प्रेक्षकांविना खेळविला गेला. या हंगामात अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे यांसारख्या नवोदितांना संधी मिळाली. 'युवा पलटण' या नावाने संघाने नवोदितांची जी फळी जोपासली, तिचा लाभ येथे दिसला. अस्लम हा बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील, तर आकाश नाशिकचा. मोठ्या नावांचे खेळाडू संघात असतानाही चढाईचा भार या तरुणांनी उचलला. बाद फेरीत युपी योद्धाने संघाला ४२–३१ असे हरविले, तरी पुढच्या यशाचा पाया घातला गेला होता.

नवव्या हंगामात प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी या पायावर उभारणी केली. इराणचा अनुभवी बचावपटू फझल अत्राचली याला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेऊन कर्णधार करण्यात आले. संघाने साखळीत ८० गुण मिळविले, उपांत्य फेरीत तमिळ थलैवाजला ३९–३७ असे हरविले व प्रथमच अंतिम फेरी गाठली. तेथे जयपूर पिंक पँथर्सने ३३–२९ असा विजय मिळविला. दुखापतीमुळे अस्लमला निर्णायक सामन्यांना मुकावे लागले होते.

दहाव्या हंगामापूर्वी संघाने अत्राचलीला जाऊ दिले आणि इराणचाच मोहम्मदरेझा शादलुई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. कर्णधारपद मात्र अस्लमकडे सोपविले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला हरविले, तेव्हा अस्लम व आकाश भारतीय संघात, तर शादलुई इराणच्या संघात होता. पुण्यात तेच सहकारी बनले. साखळीतील २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि केवळ २ पराभव, एकूण ९६ गुण अशी संघाची कामगिरी झाली. ज्या पाटण्याने पूर्वी वारंवार वाट अडविली होती, त्याच संघाला उपांत्य फेरीत ३७–२१ असे नमविण्यात आले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात पंकज मोहितेची ४ गुणांची चढाई मोलाची ठरली आणि २८–२५ अशा विजयाने पुण्याने पहिले विजेतेपद मिळविले. शादलुई हंगामातील सर्वोत्तम बचावपटू, तर अस्लम सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

चौथा टप्पा : यश टिकविण्याची कसोटी (२०२४ ते २०२५)
विजेत्या संघाने पुढच्या लिलावात शादलुईला राखले नाही. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाख रुपयांना घेतले. त्यातच अस्लम दुखापतीमुळे बाहेर पडला. परिणामी गतविजेता संघ आठव्या स्थानी घसरला. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना बालेवाडीतच झाला. तेथे यजमान पलटण नव्हती आणि चषक शादलुईच्या हरियाणाने उचलला.

असे असले तरी तरुणांची फळी कायम होती. २०२५ मध्ये प्रशिक्षक अजय ठाकूर व कर्णधार अस्लम यांच्या संघाने साखळीत अव्वल स्थान मिळविले. क्वालिफायर सामन्यात दबंग दिल्लीकडून टायब्रेकरमध्ये हार पत्करल्यावर संघाने तेलुगू टायटन्सला ५०–४५ असे हरवून अंतिम फेरी गाठली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीने ३१–२८ असा निसटता विजय मिळविला. चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या, हे सातत्य मात्र पुण्याच्या नावे नोंदले गेले.

निष्कर्ष :
१) संघाची एक मोठी घसरण महागड्या चढाईपटूवर विसंबल्यावर झाली, तर सर्वोत्तम काळ घरच्या तरुण चढाईपटूंना अनुभवी बचावाची जोड मिळाल्यावर आला.
२) पैसा निरर्थक नाही. शादलुईचे येणे आणि जाणे या दोन्ही गोष्टींचा निकालाशी संबंध दिसतो. परंतु विकत घेतलेला खेळाडू पुढच्या लिलावात जातो. जोपासलेली फळी पडझडीनंतरही संघाला उभे करते.
३) तोमर आणि अस्लम या दोघांच्या दुखापतींनी हंगामाची दिशा बदलली. शास्त्रशुद्ध सराव व वैद्यकीय उपचार हे कौशल्याइतकेच महत्त्वाचे ठरतात.
४) अस्लम इनामदारच्या उदाहरणावरून ग्रामीण महाराष्ट्रातून व्यावसायिक कबड्डीपर्यंत वाट आहे, हे सिद्ध होते. मात्र ती आपोआप खुली होत नाही. व्यावसायिक सामना मॅटवर होतो आणि ग्रामीण मुलाचा सराव बहुधा मातीवर. हे अंतर शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर मॅट, प्रशिक्षक आणि नियमित स्पर्धा यांनीच कमी होऊ शकेल. नारायणगडसारख्या परिसरातील मुलाला संधी मिळायची असेल, तर संघाच्या निवडकर्त्यांची नजर पोहोचण्याच्या कितीतरी आधी गावाजवळच्या महाविद्यालयाचे मैदान त्याच्यासाठी तयार असले पाहिजे.