डांबर लागलंय? रॉकेल नको, गोडेतेल घ्या

रस्त्याचं काम निघालं की महाळुंगे पडवळला पोरांच्या पायांना, कपड्यांना डांबर लागतंच. लगेच रॉकेल-पेट्रोल शोधू नका. कातडीची आग होते, पेट घेण्याची भीती वेगळीच. डांबर पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र सुटतं. गोडेतेल किंवा व्हॅसलीन चोपडा, जरा मुरू द्या, हलक्या हातानं चोळा. तपकिरी ओघळ सुटले की फडक्यानं पुसा, साबणानं धुवा. कपड्यावर आधी बर्फ, कडक झालेलं डांबर चमच्यानं खरवडा, मग तेल आणि साबण. डाग जाईपर्यंत इस्त्री नको.

गरम डांबरानं भाजलं तर यातलं काहीच करू नका! ते 150 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. 20 मिनिटं गार पाणी सोडा, चिकटलेला थर ओढू नका आणि थेट मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.