जमिनीखालचे स्थानक आणि भूकंप

भूकंप होऊ लागला की घराबाहेर मोकळ्या जागी जावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग भुयारी रेल्वेच्या स्थानकात असताना धरणी हादरली तर जायचे कोठे? हा प्रश्न वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारला. मुंबई व पुणे येथे आता भुयारी मेट्रो धावू लागली असून आपल्यापैकी कित्येकांची मुले तिने रोज कामावर जातात. तेव्हा या प्रश्नाचा थोडा विचार करू.

उंच इमारत जमिनीतून वर आलेल्या वेताच्या छडीसारखी असते. बूड हलले की शेंडा त्याहून अधिक झोके घेतो. भुयाराचे तसे नाही. त्याला चारी बाजूंनी माती घट्ट धरून असते, त्यामुळे माती हलेल तितकेच ते हलते. शिवाय पृष्ठभागापेक्षा खोलवर हादरा बहुधा कमी असतो. १९८५ साली मेक्सिको शहरात शेकडो इमारती पडल्या, पण तेथील भुयारी रेल्वेस फारशी इजा झाली नाही. १९८९ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को व ओकलंड यांना जोडणाऱ्या मोठ्या पुलाचा एक तुकडा खाली आला. उपसागराच्या तळाशी बसविलेला रेल्वेचा बोगदा मात्र शाबूत राहिला, आणि पूल बंद होता तो महिनाभर लोकांनी त्याच मार्गाने येजा केली.

अशा अनुभवांमुळे जमिनीखालचे बांधकाम भूकंपाने पडत नाही, असा समज रूढ झाला होता. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानातील कोबे शहरी त्याला जबर धक्का बसला. त्या भूकंपात सहा हजारांवर माणसे दगावली. तेथील दाइकाई हे भुयारी स्थानक आतल्या आत खचले. छत पेलणाऱ्या मधल्या रांगेतील ३५ खांबांपैकी निम्म्याहून अधिक खांब चिरडले गेले, छत मध्यभागी मोडून खाली आले, आणि वरचा हमरस्ता काही ठिकाणी अडीच मीटरपर्यंत खाली बसला.

असे का व्हावे? आगपेटीचे बाहेरचे खोके घ्या. तळ एका हाताने धरून वरची बाजू हलकेच आडवी ढकला. चौकोन तिरका होईल. भूकंपाच्या वेळी वरचे मातीचे थर खालच्या थरांपेक्षा अधिक सरकतात, आणि जमिनीत पुरलेल्या चौकोनी स्थानकाला असेच तिरके करतात. मातीला अडवून धरण्याइतके बळ बांधकामात नसते. मातीबरोबर थोडे वाकावे आणि वाकूनही ओझे सोडू नये, एवढेच त्याच्या हाती असते.

दाइकाईचे स्थानक १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, रस्ता वरून खोदून बांधलेले. छतावर सुमारे पाच मीटर जाडीची माती होती. हे ओझे उभे पेलण्यास खांब समर्थ होते. परंतु आडव्या ओढीचा विचार त्या काळी झाला नव्हता, आणि खांबांतील उभ्या सळयांना कवळून धरणाऱ्या रिंगा बारीक व विरळ होत्या. खांब तिरके होताच काँक्रीट फुटले, सळया बाहेर फाकल्या, आणि खांबांनी टेकू सोडताच मातीचा सारा भार छतास मोडून खाली घेऊन आला. पुढे पोलादाने बळकट केलेले खांब उभारून बरोबर एका वर्षाने स्थानक पुन्हा उघडण्यात आले. जपानात इतरत्रही भुयारांतील जुन्या खांबांना पोलादी वेष्टन घालण्याचे काम हाती घेतले गेले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले, की स्थानकात असताना हादरा बसला तर जिन्याकडे धाव घेऊ नये. खरा धोका चेंगराचेंगरीचा असतो. फलाटाच्या कडेपासून दूर होऊन डोके झाकावे, आणि हादरा थांबल्यावर कर्मचारी सांगतील तसे करावे.

वडीलधाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट अधिक. रिंगांचे हे गणित भुयारापुरते नाही. आपल्या घराच्या खांबालाही तेच लागू आहे. काँक्रीट ओतल्यावर रिंगा कोणास दिसत नाहीत, म्हणून काटकसर प्रथम तेथेच होते. पुढच्या वेळी घराचे काम निघेल तेव्हा काँक्रीट पडण्यापूर्वी एकदा जाऊन, नकाशात दाखविल्या आहेत तितक्या रिंगा बांधल्या आहेत ना, हे मोजून पाहावे.