बस्ता सुलतान बाजारात, हप्ता गावात : कर्ज फिटणार कधी? सांगतो अकरावीचा ‘लॉग’

सुलतान बाजार (हैदराबाद) : लग्नाची तारीख निघाली की नांदेड, देगलूर, बिलोली, धर्माबादकडची मंडळी काचीगुड्याला उतरतात आणि बस्ता बांधायला सुलतान बाजार गाठतात. बडी चौडीपासून कोठीपर्यंत पायी फिरलं की शालू, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपीपर्यंत सगळं मिळतं. रोख कमी पडली तर गावाकडून कुणीतरी शेकडा तीनने उचलून पाठवतं. बस्ता एका दिवसात बांधून होतो. उचललेले पैसे किती महिन्यांत फिटतील, हे मात्र फारसं कुणी कागदावर मांडत नाही. मांडायला बसलं तर ते अकरावीच्या पुस्तकातलं समीकरण निघतं. ज्यात अज्ञात संख्या खाली नसते, वर घातांकात बसलेली असते.

साध्या समीकरणात क्ष खाली असतो. तीन क्ष बरोबर बारा, म्हणून क्ष बरोबर चार. पण ‘२ चा क्ष वा घात बरोबर ३२’ असं आलं की क्ष वर जाऊन बसतो. इथे उत्तर सोपं आहे, कारण ३२ म्हणजे दोनाचा पाचवा घात. दोन्हीकडे पाया सारखा, म्हणून घातांकही सारखा, क्ष बरोबर ५. परीक्षेत निम्मी गणितं अशीच सुटतात, पाया सारखा करून. व्यवहारात मात्र पाया इतका गुणी नसतो.

पोस्टातल्या किसान विकास पत्राचं बघा. १ एप्रिल २०२३ ला त्याचा दर ७.५ टक्के झाला आणि पैसे दुप्पट व्हायची मुदत ११५ महिने ठरली. हे ११५ आले कुठून? व्याज वर्षाला चक्रवाढ, म्हणजे एका रुपयाचे वर्षाने १.०७५ होतात, दुसऱ्या वर्षी त्याला पुन्हा १.०७५ ने गुणायचं. दुप्पट व्हायला किती वर्षं, म्हणजेच १.०७५ चा क्ष वा घात = २. गुणत गेलात तर नऊ वर्षांनी १.९१७ होतात, दहा वर्षांनी २.०६१. उत्तर नऊ आणि दहाच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमकं कुठे, ते गुणाकाराने हाती येत नाही. इथे लॉग लागतो.

लॉग म्हणजे काही भानगड नाही. १० चा कितवा घात केला की ती संख्या येते, एवढंच तो सांगतो. १०० चा लॉग २, १००० चा लॉग ३. २ चा लॉग ०.३०१०, म्हणजे दहाचा ०.३०१० वा घात केला की दोन येतात. याचे नियम तीन : गुणाकाराचा लॉग घेतला की बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते, आणि घात असला तर तो खाली उतरून पुढे गुणायला येतो. आपल्या कामाचा तिसरा. वर बसलेल्या क्षला खाली उतरवायची शिडी हीच.

म्हणून वरच्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा लॉग घ्या. क्ष गुणिले लॉग १.०७५ = लॉग २. लॉग १.०७५ म्हणजे ०.०३१४. क्ष = ०.३०१० भागिले ०.०३१४ = ९.५८ वर्षं. बाराने गुणा, ११५ महिने. पोस्टाचा आकडा असा जुळतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये हेच पत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा दर ८.७ टक्के होता आणि मुदत १०० महिने. तोही आकडा याच रीतीने तपासून पाहा, येतो.

१९८८ साली विकास पत्र पहिल्यांदा आलं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. घरातली जुनी माणसं अजून त्याच्या आठवणी काढतात. त्यात मुदत माहीत आहे, दर माहीत नाही. गणित उलटं फिरवायचं : ०.३०१० ला ५.५ ने भागा, ०.०५४७ आले. ज्या संख्येचा लॉग ०.०५४७ आहे ती, म्हणजे अँटीलॉग, १.१३४. दर झाला १३.४ टक्के. आज कुणी तसा दर देऊ करत असेल तर विचारून घ्यायला हवं.

तोंडी हिशोबाला ७२ चा ठोकताळा आहेच. ७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायची वर्षं. ७.५ ला ९.६ वर्षं, जवळपास बरोबर. दर मोठा झाला की तो घसरतो. वर्षाला ३६ टक्क्यांना ७२ चा नियम दोन वर्षं सांगतो, लॉग सव्वादोन.

आता ‘शंभर दिवसांत दुप्पट’वाले. गावोगावी हॉलमध्ये मीटिंग, चहा-बिस्किट, स्क्रीनवर गाड्यांचे फोटो. एजंट म्हणतो, ‘काका, रोजचा पाऊण टक्कासुद्धा नाही.’ खरंच आहे त्याचं. ०.३०१० भागिले १०० म्हणजे ०.००३०१, त्याचा अँटीलॉग १.००७. रोज ०.७ टक्का. ऐकायला किरकोळ. पण वर्षात असे ३.६५ वेळा दुप्पट होतात. दोनाचा ३.६५ वा घात साडेबारा. लाखाचे वर्षात साडेबारा लाख, दोन वर्षांत १ कोटी ५७ लाख, तीन वर्षांत वीस कोटींच्या जवळ. एवढं देणारा धंदा ज्याच्याकडे असेल तो तुमच्या लाखासाठी हॉल भाड्याने घेणार नाही. पहिल्या काहींना पैसे मिळतात ते मागून आलेल्यांचे, आणि मागून येणाऱ्यांची संख्याही अशीच घाताने वाढावी लागते. तालुक्यातली माणसं तेवढ्या वेगाने वाढत नाहीत.

पण खरा घोळ कर्जाच्या हप्त्यात आहे. कर्ज समान हप्त्यांनी फेडायचं असेल तर हिशोब मांडता मांडता शेवटी एक सुटसुटीत समीकरण उरतं. डावीकडे (१ + महिन्याचा दर) याचा न वा घात, न म्हणजे हप्त्यांची संख्या. उजवीकडे हप्ता भागिले (हप्ता वजा पहिल्या महिन्याचं व्याज).

दोन लाखांचं कर्ज धरा, महिना एक टक्का. पहिल्या महिन्याचं व्याज २,०००. हप्ता ४,००० ठेवला तर उजवी बाजू ४,००० भागिले २,०००, म्हणजे २. लॉग १.०१ आहे ०.००४३२. न = ०.३०१० भागिले ०.००४३२, साधारण ६९.७. म्हणजे ७० हप्ते, शेवटचा थोडा लहान. एकूण भरणा सुमारे २ लाख ७९ हजार.

हप्ता ३,००० केला तर उजवी बाजू ३. लॉग ३ म्हणजे ०.४७७१. हप्ते १११, नऊ वर्षांच्या वर. २,५०० केला तर उजवी बाजू ५, हप्ते १६२, भरणा चार लाखांच्या वर. २,१०० केला तर २१ चा लॉग घ्यावा लागतो, १.३२२२, आणि हप्ते जातात ३०६ च्या आसपास. साडेपंचवीस वर्षं! ४,००० वरून २,१०० म्हणजे हप्ता निम्म्यापेक्षा थोडा जास्तच राहिला, पण काळ चौपटीच्या पुढे गेला.

आणि हप्ता बरोबर २,००० ठेवला तर? खाली शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणजे न ला उत्तरच नाही. १,९०० ठेवला तर उजवी बाजू ऋण येते, आणि ऋण संख्येचा लॉग वास्तव संख्यांत नसतो. पुस्तकात हा नियम एका ओळीत येऊन जातो, ‘लॉग फक्त धन संख्येचा’, आणि पोरं तो पाठ करून सोडतात. व्यवहारात त्याचा अर्थ स्वच्छ आहे : कर्ज फिटण्याचा दिवस कॅलेंडरात नाही.

आपल्याकडे कितीतरी घरं या शून्यावर उभी आहेत. लाख रुपये शेकडा तीनने, महिन्याला तीन हजार व्याज वेळेवर पोचतं, सावकारही गोड बोलतो, कारण वसुली चालू आहे. पाच वर्षांत १ लाख ८० हजार देऊन झाले तरी मुद्दल लाखाचं लाख. यात दरमहा फक्त पाचशे वाढवले आणि ते मुद्दलात धरायला लावले, तर? ३,५०० भागिले ५००, म्हणजे ७. लॉग ७ आहे ०.८४५१, लॉग १.०३ आहे ०.०१२८४. ६६ महिने. पाच हजार दिले तर २.५ चा लॉग ०.३९७९, म्हणजे ३१ महिने आणि एकूण भरणा सुमारे १ लाख ५५ हजार. कधीच नाही, साडेपाच वर्षं आणि अडीच वर्षं, यांच्यामध्ये अंतर महिन्याला दोन हजारांचं. अर्थात ते दोन हजार काढायचे कुठून, हे लॉग सांगत नाही. पण दागिना मोडून मुद्दल थोडं खाली आणावं की नुसतं व्याज भरत राहावं, असा प्रश्न घरात निघाला तर हा हिशोब मधे ठेवून बोलता येतं.

कायद्याचंही एक सांगून ठेवतो. दामदुपट हा आपल्याकडचा जुना नियम : व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही तो आहे. वरच्या उदाहरणात चौतिसाव्या महिन्यातच दिलेलं व्याज मुद्दलाच्या पुढे जातं. तिथे लॉगही लागत नाही, साधा भागाकार पुरतो.

सुलतान बाजाराला हा हिशोब नवा नाही. याचं जुनं नाव रेसिडेन्सी बाजार. ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीतला भाग, १९३३ मध्ये निजामाकडे परत आला. निजामाच्या कायद्याबाहेर असल्यामुळे पेढ्यावाले, सावकार इथे येऊन बसले. त्याआधी, १८१४ मध्ये निघालेल्या विल्यम पामर कंपनीने खुद्द निजाम सरकारला शेकडा २४ च्या घरात कर्ज दिलं होतं. लॉग १.२४ आहे ०.०९३४. न फेडता ठेवलं तर सव्वातीन वर्षांच्या आत दुप्पट. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आल्यावर त्याने या व्यवहाराला हरकत घेतली, आणि १८२४ मध्ये कंपनी बुडाली. राज्याच्या तिजोरीला जे झेपलं नाही ते बस्त्याच्या कर्जाला झेपेल कसं?

लॉगचा शोध स्कॉटलंडच्या जॉन नेपियरच्या नावावर आहे, त्याचं पुस्तक १६१४ चं. दहाचा पाया आणला हेन्री ब्रिग्जने. पण वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत, म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीला, ‘अर्धच्छेद’ नावाची कल्पना आहे : एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते. ३२ चे अर्धच्छेद ५. हा दोनाच्या पायाचा लॉगच झाला. ही धवला डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून छापून आणली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, उत्तर आलं म्हणजे गणित संपलं असं नाही. ‘लॉग क्ष + लॉग (क्ष – ३) = १’ घ्या. बेरजेचा गुणाकार केला की क्ष(क्ष – ३) = १०, त्यातून क्ष ५ किंवा –२. पाच घालून पाहा : लॉग ५ + लॉग २ = लॉग १० = १, बरोबर. उणे दोन घातला तर ऋण संख्येचा लॉग घ्यावा लागतो, म्हणून तो सोडायचा. तसंच ‘४ चा क्ष वा घात – २ गुणिले २ चा क्ष वा घात – ८ = ०’. दोनाच्या क्ष घाताला य म्हणा, मग य चा वर्ग – २य – ८ = ०, य ४ किंवा –२. दोनाचा कुठलाही घात ऋण होत नाही, म्हणून य ४, क्ष २. मार्क जातात ते बहुतेक इथे.

दुसरी, लॉग बेरजेच्या आत शिरत नाही. लॉग (क + ख) म्हणजे लॉग क + लॉग ख नव्हे. आधी एका बाजूला एकच घात किंवा एकच गुणाकार आणायचा, मगच लॉग.

दोन्ही बाजूंना घातांक असला तरी घाबरायचं कारण नाही. थोरल्याने एक लाख ७ टक्क्यांनी ठेवले, धाकट्याने ८० हजार ९ टक्क्यांनी. धाकटा कधी गाठणार? १.०९ भागिले १.०७ याचा क्ष वा घात = १.२५. लॉग १.२५ आहे ०.०९६९१, खालची वजाबाकी ०.०३७४३ – ०.०२९३८ = ०.००८०५. क्ष बारा वर्षं. दोन टक्के जास्त मिळूनही वीस हजारांची उणीव भरायला एक तप जातं.

महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला अजूनही कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. कोठीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते पातळ पुस्तक शोधलं तर मिळून जातं. बाकीच्यांना तेवढीही खटपट नको. फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून फोन आडवा धरा, बहुतेक फोनमध्ये ‘लॉग’चं बटण दिसतं. शेजारी ‘एलएन’ असतं, ते दुसऱ्या पायाचं. कुठलंही वापरा, फक्त वर आणि खाली एकच वापरा, भागाकार तोच येतो. आधी हप्त्यातून पहिल्या महिन्याचं व्याज वजा करा, उरलेल्याने हप्त्याला भागा, लॉग घ्या, मग (१ + महिन्याचा दर) च्या लॉगने भागा. वजाबाकीत शून्य किंवा उणे आलं तर पुढचं बटण दाबू नका, सही करायच्या आधी हप्ता बदलून घ्या.