जनक नसलेली संख्या

मे २००४. जॉश फिंडली या स्वयंसेवकाचा संगणक दोन आठवडे एकाच हिशेबात गुंतला होता. १५ मे रोजी निकाल लागला: २ चा २४०३६५८३ वा घात वजा १ ही मूळ संख्या आहे. ७२,३५,७३३ अंकांची, तोवरची सर्वांत मोठी! पण तिला विचारायचा आणखी एक प्रश्न पन्नासेक वर्षांपूर्वीच महाराष्ट्रात तयार झाला होता.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांनी एक साधी कृती मांडली. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक. १०१ ला तर दोन जनक, ९१ आणि १००. पण ३१ ला? कितीही शोधा, एकही सापडत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं ‘स्वयंभू’.

३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. फिंडलींच्या संख्येचीच ही धाकटी बहीण, मूळही आणि स्वयंभूही. त्याच कुळातली पुढची मूळ संख्या १२७ मात्र परीक्षेत नापास होते: १२२ मध्ये ५ मिळवले की १२७. मग बहात्तर लाख अंकांच्या थोरलीचं काय?

इथे छाती दडपते. एवढ्या अंकांची बेरीज साडेसहा कोटींपर्यंत जाऊ शकते. म्हणजे तितक्या संख्या जनक म्हणून तपासायच्या?

नाही. संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. आपल्या संख्येची बाकी १ आहे. म्हणून जनक असलाच तर त्याची बाकी ५ च हवी, कारण ५ आणि ५ मिळून १०. शिवाय साडेसहा कोटी वजा केले तरी बदलतात ते शेवटचे आठ अंक. फार तर पुढच्या भागातून एक हातचा घ्यावा लागतो. पुढच्या भागाची बेरीज दोन्ही वेळा ठरलेली, शेवटच्या आठ अंकांची बेरीज ० ते ७२ यांतली. त्यात बाकीची अट लावली की कोट्यवधी उमेदवारांतून उरतात जास्तीत जास्त अठरा!

ऑक्टोबर २००६ मध्ये लूक पेबॉडी यांनी दाखवून दिलं: या संख्येला जनक नाही. ती स्वयंभू आहे, आणि तेव्हा माहीत असलेल्या स्वयंभू मूळ संख्यांत सर्वांत मोठी. हे पाहायला कापरेकर नव्हते. १९८६ मध्येच ते गेले. पण त्यांच्या प्रश्नात बेरजेपलीकडचं काही नव्हतं, म्हणूनच तो इतका दूर पोचला.

९७ नंतरची स्वयंभू मूळ संख्या थेट २११ आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या किंवा दारव्ह्याच्या शाळेतली मुलगी कागद-पेन्सिल घेऊन हे स्वतः सिद्ध करू शकते. तिने ते जरूर करावं, आणि मग २११ च्याही पुढे जावं.