शेळीच्या दुधाचे ऋण

शार्ल द फुको हा एके काळचा फ्रेंच लष्करातला श्रीमंत, चैनी अधिकारी. 1890 साली तो ट्रॅपिस्ट या कॅथलिक संन्यासी पंथाच्या मठात दाखल झाला. पुढे त्या काळच्या सीरियातल्या अकबेसच्या मठात असताना, 1894 मध्ये, शेजारच्या वस्तीत वारलेल्या एका गरीब मजुराच्या घरी त्याला प्रार्थनेसाठी पाठवले. ते घर पाहिल्यावर मठातले दारिद्र्य त्याला लटके वाटू लागले. खरेच होते ते. मठात उद्याच्या भाकरीची खात्री असते. तीन वर्षांनी मठ सोडून तो नाझरेथमध्ये क्लारा-पंथीय नन्सकडे गडी म्हणून राहिला, धर्मगुरू झाल्यावर सहारात गेला, आणि 1905 पासून तामनरासेत इथे तुआरेग लोकांत वस्तीला आला.

अशा स्वेच्छेने पत्करलेल्या दारिद्र्याने गरिबांचे काय भले होते, हा आक्षेप रास्त आहे. मनात आले की परत फिरता येते, ती गरिबी कसली? फुकोमागे नातलग होते, अधिकारी मित्र होते. पण 1908 चा प्रसंग पाहा. दुष्काळ पडला, त्याने शिधा वाटून टाकला आणि स्वतः आजारी पडला. तेव्हा तुआरेगांनी आसपास हिंडून मिळेल तेवढे शेळीचे दूध गोळा केले आणि त्याला जगवले. माधुकरी मागणाऱ्याला घेण्याची सवय असते, दात्याला ती नसते. स्वेच्छेच्या दारिद्र्याने गरिबी हटत नाही. दाता तेवढा पाटावरून खाली जमिनीवर येतो, आणि समोरच्यालाही देता येते हे त्याला कळते.

मग तासन्‌तास मूक प्रार्थनेत तो बसे, ते कशाला? तो वेळ कामात गेला नसता का? माझ्या मते, काही न मागता समोर बसून राहण्याची ही सवयच त्याच्या कामात उतरली. धर्मांतराचा हिशेब मांडला तर पदरी जवळजवळ काहीच नाही. पण त्याने तुआरेगांच्या कविता उतरवून घेतल्या आणि त्यांच्या भाषेचा चार खंडांचा कोश रचला. त्याच्या मृत्यूनंतर तो 1951-52 मध्ये छापून झाला. वर्षानुवर्षे ऐकत बसल्याशिवाय असला कोश होत नाही.

वसाहतवादाचा आक्षेप मात्र पुसता येत नाही. लष्करी अधिकाऱ्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता, फ्रेंच राजवट टिकावी असेही त्याला वाटे. 1 डिसेंबर 1916 रोजी हल्लेखोरांनी त्याला मारले, तेव्हा तो शस्त्रे ठेवलेल्या गढीत राहत होता. 2022 मध्ये संतपद मिळाल्याने हे बदलत नाही. हयातीत त्याला एकही टिकाऊ सोबती लाभला नाही. त्याच्या मागे मात्र त्याच्याच वाटेने जाणारे निघाले: 1933 मध्ये रने व्होयोम यांनी बंधूंचा आणि 1939 मध्ये माग्दलेन यांनी भगिनींचा संघ काढला. या भगिनी कारखान्यात मजुरी करतात, भटक्यांच्या तंबूत राहतात. संध्याकाळी आराधनेला बसतात.