बेघर मुंबई : आकडे आणि जबाबदारी

● मोजणी : जनगणनेत बेघरांची नोंद एकाच रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात सुमारे १७.७ लाख बेघर आढळले. त्यांपैकी सुमारे ५७ हजार मुंबईत.

● निकाल : पदपथवासीयांना हटवण्याबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे सांगितले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवण्याची पालिकेची मुभा कायम राहिली.

● निकष : २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा हवा. तो वर्षभर, चोवीस तास खुला असावा आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा मिळावी.

● हिशेब : २०११ ची मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे जवळपास १२४ निवारे.

● तिजोरी : मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. पैसा नाही, ही सबब इथे टिकत नाही.