डोळ्यांवर पट्टी, हाताशी टॉर्पेडो

'सायलेंट हंटर ३' (युबिसॉफ्ट, २००५) या गेममध्ये आपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान असतो. खरी मजा मात्र सेटिंगमध्ये आहे. पाणबुडी बाहेरून दाखवणारा कॅमेरा बंद करा, नकाशावर आयती उमटणारी शत्रूची जहाजंही बंद करा. मग उरतात पेरिस्कोप आणि हायड्रोफोन. हायड्रोफोन आवाजाची दिशा सांगतो, अंतर नाही. ते काढायचं जहाजाचा प्रकार ओळखून, डोलकाठीच्या उंचीवरून. ओळख चुकली की हिशेब चुकला, आणि टॉर्पेडो मोकळ्या पाण्यात! पेरिस्कोप फार वेळ वर ठेवला तर विनाशिका अंगावर येण्याची भीती. या त्रासाचा मोबदलाही मिळतो: अशा सेटिंगमुळे वाढणारी वास्तवाची टक्केवारी जितकी जास्त, तितके मोहिमेतले गुण जास्त.